मैदानाकडे पाठ

२४ जानेवारी, शनिवार

नकार दिला. एकदाच, पण स्पष्ट. मेघा ताटातली भाकरी अर्धी टाकून उठली.

प्रसंग असा. तिच्या फुटबॉल संघाने उपांत्य सामना जिंकला. अंतिम सामना पुढच्या रविवारी, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, वाळूज रस्त्यावरच्या स्टेडियमवर. तिच्या प्रशिक्षकांचा — अभय सरांचा — मेघापुरता एक निराळा दंडक आहे: घरचे मोठे माणूस गॅलरीत असलेच पाहिजे, नसेल तर ती बाकावर बसेल. आजवर तिची आई जात असे. सुलेखा, माझी सून, इस्पितळात परिचारिका आहे. त्या रविवारी तिची पाळी आहे आणि बदली कोणी घेईना. राहिलो मी.

दंडक का आहे, तेही लिहिणे भाग आहे. आठ वर्षांपूर्वी माझा मुलगा प्रणय — मेघाचा बाप — आमखास मैदानावर कचेरीतल्या मित्रांबरोबर खेळत होता. चेंडू त्याच्यापासून दूर होता. कोणाचा धक्का नाही, काही नाही. धावता धावता खाली बसला आणि मग आडवा झाला. हृदयाचा स्नायू आतून जाड झाला होता, असे डॉक्टर मागाहून म्हणाले. तेव्हापासून मेघाला दर वर्षी तपासतात. निर्दोष आहे, असे सांगतात. निर्दोष! प्रणय तरी त्या सकाळी कुठे सदोष दिसत होता?

त्यानंतर मी कोणत्याही मैदानावर पाऊल ठेवलेले नाही. घर, विहार, कोपऱ्यावरचे वाचनालय — एवढाच माझा प्रदेश.

२५ जानेवारी, रविवार

पंचांग उघडले. पुढचा रविवार म्हणजे माघ पौर्णिमा — उपोसथाचा, म्हणजे व्रताचा, दिवस! सुटल्यासारखे झाले.

बुद्धवंदना आटोपताच सुलेखाला म्हणालो, पौर्णिमेला मी अष्टशील पाळतो. मध्यान्हानंतर अन्न नाही; खेळ-तमाशे पाहणे वर्ज्य. तरुणपणापासून एकही पौर्णिमा चुकवलेली नाही, ही कशी चुकवू?

ती डब्याचे झाकण लावत होती. लावता लावता थांबली. "अण्णा, शीलाच्या आडून कामून बोलता? भ्या वाटतं म्हणा की सरळ. मला नाय का वाटत? दर मॅचला ओढणीच्या गाठी मारीत बसते मी. मॅच संपली की सोडवायला अर्धा तास लागतो."

मी पंचांग मिटले. 

शेजारच्या चंपाबाई दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांना कोणी विचारले नव्हते. "गुरुजी, बघायचं नाय तर पाठ करून बसा! त्या मास्तराला गॅलरीत माणूस पाहिजे. डोळे कुनी मागितले तुमचे?"

सुलेखा हसली, आठवड्यात पहिल्यांदा. मी जन्मभर पाली शिकवली, विहारात प्रवचने दिली, शीलांचा अर्थ भल्याभल्यांना उलगडून सांगितला. चंपाबाईंच्या म्हणण्यात मला एकही छिद्र सापडले नाही. वर्ज्य आहे ते पाहणे, असणे नव्हे.

दिवसभर छिद्र शोधत होतो.

२६ जानेवारी, सोमवार

येतो म्हणून मेघाला सांगितले. तिने आनंदाने अशी किंकाळी फोडली की मला धडकी भरली. आता परत फिरता येणार नाही.

२८ जानेवारी, बुधवार

रंगीत तालीम करावी म्हणून आज एकटाच निघालो. मुकुंदवाडीला सिटी बस धरली. सिडको गेले, सेव्हन हिलचा उड्डाणपूल आला. बस त्यावर चढू लागली तशी मी समोरच्या आसनाची कांब घट्ट धरली. आकाशवाणी. मोंढा नाका. दर थांब्यावर दार उघडे, दर थांब्यावर पाय म्हणत — उतर. क्रांती चौकात उतरलो. पायांना घाम, तळव्यांना घाम, छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखा भार. दुकानाच्या पायरीवर बसलो. दुकानदाराने पाणी दिले. रिक्षाने परत आलो.

हे भय आहे हे मी ओळखतो. ममता जिथे जडते तिथेच ते रुजते, हे मी वर्गात फळ्यावर लिहून देत असे आणि मुले उतरवून घेत. फळ्यावर ते फार स्वच्छ दिसे.

मेघाला खोटे सांगणे शक्य नव्हते. अर्ध्यातून परतलो, म्हणालो.

"अर्धं शहर पार केलं की आजोबा! लई झालं. उरलेलं रविवारी."

३० जानेवारी, शुक्रवार

मरणाचे स्मरण नित्य करावे, असे मी विहारात सांगत आलो. स्वतःच्या मरणाचे करता येते, सवयीने येते. नातीच्या मरणाचे कसे करावे? करू नये, असेच वाटते. तरी होतेच आहे — चहा पिताना, दात घासताना, ती जिन्यावरून धडधडत खाली येते तेव्हा.

१ फेब्रुवारी, रविवार

अष्टशील ग्रहण केले. सूर्य माथ्यावर येण्याआधी वरण-भात घेतला.  मेघा संघाबरोबर सकाळीच गेली. जाताना पाया पडली नाही, खांद्यावर बुक्की मारून गेली.

निघतो.

३ फेब्रुवारी, मंगळवार

मी इस्पितळात आहे. मेघा नव्हे; ती सुखरूप आहे. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचे लिहिता येईल.

परवाचे सगळे लिहायचे आहे. सुलेखाने वही आणून दिली. पडून लिहिल्याने अक्षर वाकडे येते.

बस भरलेली होती. कंडक्टर पोरगेलासा, बोलका. "कुठं आजोबा?"

"वाळूज रस्त्याला जायचे आहे. फुटबॉलच्या स्टेडियमवर."

"खेळायला?"

अख्खी बस हसली. मीही हसलो असेन. तोंड तसे झाले खरे. तो म्हणाला, "बाबा पंपाला उतरा. तिथून वाळूजची गाडी. नाय भेटली तर रिक्षा हायेतच." एका बाईने उठून जागा दिली. मी खिडकीची कांब धरली आणि मनात मैत्रीभावना सुरू केली: कंडक्टर सुखी होवो, ही बाई सुखी होवो, पुढे उभा असलेला कॉलेजचा तरुण सुखी होवो. मेघापाशी आलो की शब्द अडे. पुन्हा कंडक्टरपासून आरंभ.

क्रांती चौक आला. दार उघडले. बुधवारची ती पायरी समोर दिसत होती. उठलो नाही — धैर्याने नव्हे. पाय उचललेच नाहीत. दार मिटले आणि मी पुढे वाहून गेलो. लोक याला निश्चय म्हणतील. तो नव्हता.

बाबा पंपावर वाळूजची बस नुकतीच सुटलेली. शेअर रिक्षात बसलो. मागे कंपनीच्या गणवेशातले तिघे आणि मधे दाबलेला मी. चालक ओरडला, "काका, तंगडी आत घ्या, नगर नाक्याला पोलीस हाय!" छावणीतली झाडे आली तेव्हा थोडा वारा लागला. पुढे ट्रक. एवढे ट्रक, एवढ्या जवळून! एकेका ट्रकाबरोबर श्वास आखूड होत गेला. शेजारचा कामगार म्हणाला, "बाबा, बरं हाय ना? ओठ पांढरे पडलेत." म्हणालो, उपवास आहे. त्याचे समाधान झाले. माझेही.

स्टेडियम दुरून एखाद्या मोठ्या पालथ्या परातीसारखे दिसले. आत गेलो तर पायऱ्याच पायऱ्या. चढताना तीनदा थांबलो. खालून अभय सरांनी मला पाहिले, हात वर केला. मीही केला. झाले, माझे काम एवढेच होते. मग मैदानाकडे पाठ करून बसलो.

माझ्यासमोर आता फक्त प्रेक्षक होते. वरच्या पायरीवरचे एक दाढीवाले गृहस्थ माझ्याकडे टक लावून पाहत होते. शहागंजात सुक्या मेव्याचे दुकान, नाव हाजी शम्सुद्दीन, आणि संघाची गोलकीपर त्यांची नात — हे सारे त्यांनी न विचारता सांगितले. मग राहवेना.

"चचा, मैदान उधर है।"

"ठाऊक आहे."

"फिर मुँह इधर कायकू?"

आज पौर्णिमा, माझे व्रत आहे, दुपारनंतर जेवायचे नाही आणि खेळ पाहायचा नाही, असे सांगितले.

"अरे वा! रोजा भी हौर परदा भी!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "तुम्हारी कौनसी?"

"सात नंबर."

"वो दुबली? वो तो हरनी है चचा। मैं बोलता, तुम सुनो।"

अशा रीतीने मी सामना ऐकला. सात नंबरने बॉल घेतला, सात नंबर पळाली, सात नंबरने दिला. "हौ हौ हौ... गया! बाहर गया।" त्यांच्या चेहऱ्यावर मी मैदान वाचत होतो. भुवया वर गेल्या की माझा श्वास अडे. लोक ओरडत तोवर ठीक. ओरडणारी गॅलरी म्हणजे कोणी पडलेले नाही. मला भीती शांततेची होती.

मध्यंतरानंतर ती झाली. शिट्टी वाजली. सगळी गॅलरी गप्प. हाजींचे तोंड उघडेच राहिले.

"काय झाले?"

ते उठून उभे राहिले.

"हाजीसाहेब! सात नंबर?"

"बैठ गई," ते हलकेच म्हणाले. "नीचे बैठ गई।"

मी वळलो. इतक्या वर्षांचे शील त्या क्षणी मला आठवलेही नाही. हिरव्यावर ती बसलेली होती, मान खाली. तिच्याभोवती मुली. मी पायऱ्या उतरू लागलो, नव्हे, धावलोच. प्रणय, प्रणय — तोंडातून हेच नाव येत होते. चार-दोन पायऱ्या राहिल्या असतील. मेघा पोटरी चोळत उठून उभी राहिली. गोळा आला होता, एवढेच! तिने मला पाहिले आणि हात हलवला. मला तो हलणारा हात आठवतो. त्यानंतर छातीवरचा पाटा कोणी तरी जोराने दाबला आणि उजेड गेला.

शुद्ध आली तेव्हा माझे डोके मेघाच्या मांडीवर होते. ती मैदान सोडून आली होती. अभय सर मागे ये म्हणत होते, ती ऐकत नव्हती. हाजी शम्सुद्दीन टोपीने वारा घालत होते आणि स्वतःलाच शिव्या देत होते — "मैंने कायकू बोला, मैंने कायकू बोला।" बदली खेळाडू संपल्या होत्या; संघ एक खेळाडू कमी घेऊन खेळला आणि हरला.

काल चंपाबाई भेटायला आल्या. "उपासानं व्हतं हो. दर पुनवेला गुरुजींना भोवळ येते, आपुन बघतोच की. लिंबूपानी दिलं की बसतात उठून."

सुलेखा खिडकीपाशी उभी होती. गणवेशातच. ती एकदम वळली. "दर पुनवेला," एवढेच म्हणाली. पुन्हा म्हणाली, "दर पुनवेला! आन् मी लिंबू पिळीत बसले. मी नर्स हाय, अण्णा!" आणि डॉक्टरांना बोलावण्यास तरातरा निघून गेली.

हृदयाची सोनोग्राफी उद्या आहे. मला स्वतःसाठी भय वाटत नाही. हे खरे आहे का, हे तपासून पाहिले. खरे आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

प्रणयचे हृदय माझ्याकडून गेले होते. डॉक्टर अमृता यांनी पडद्यावर दाखवले — तोच जाड स्नायू. माझी तपासणी कोणाच्या मनातही आली नव्हती. एवढा म्हातारा माणूस जिवंत आहे, हाच सर्वांना पुरावा वाटला. हा दोष पिढीतून पिढीत उतरतो आणि कुठल्याही वयात उमटू शकतो. आजवर निर्दोष म्हणजे उद्याही निर्दोष, असे नाही. मेघाच्या रक्ताची जनुकीय तपासणी होईल. तोवर मैदान बंद.

आठ वर्षे मी मनोमन हेच मागत होतो. मिळाले.

ती खाटेच्या पायथ्याशी बसून होती. रडली नाही. बराच वेळ माझ्या पावलाचा अंगठा धरून बसली. मग म्हणाली, "म्हणजे आजोबा, हे असून पण एवढं म्हातारं होता येतं?"