देज की दहेज

४ नोव्हेंबर, मंगळवार
परत निवारागृह. काचीगुड्याहून दोन बस, पुढे शेअर ऑटो. पाठ गेली.
र.ची (खरं नाव इथेही नको) मुलाखत तिला वाचून दाखवली. प्रोजेक्टच्या मॅडमचा नियम आहे, जिचं बोलणं तिनं एकदा ऐकायचंच. र. वीस वर्षांची, देगलूरकडची. गावातल्या एका 'मामा'नं स्थळ आणलं. लग्न झालं, नवऱ्यानं हैदराबादला आणून एका घरात सोडलं आणि गेला. पोलिसांनी काढलं तिथून.
मान खाली घालून ऐकत होती. मी वाचलं, "लग्नात आईने दहेज दिलं." तर हसायलाच लागली.
"आमच्याकडं कुठलं आलंय दहेज, ताई! देज म्हणले मी. मामानं आईच्या हातात ठेवलं."

५ नोव्हेंबर
रेकॉर्डिंग परत ऐकलं. स्वच्छ 'देज'. माझ्या कानांनी दहेज केलं. इथे जन्म गेला, दहेज रोज ऐकते, देज कधीच नाही. आणि अर्थ बरोबर उलटा. दहेज मुलीकडच्यांनी द्यायचं, देज मुलाकडच्यांनी मुलीच्या आईबापाला.
टीममध्ये घरी मराठी बोलणारी मी एकटीच, म्हणून तर मला घेतलं प्रोजेक्टवर.

६ नोव्हेंबर, गुरुवार
मॅडम ओरडल्या नाहीत. "सुधार आणि निवारागृहाच्या वकीलबाईंना कळव." र.च्या संमतीनं ही मुलाखत जबाब म्हणून १४ला समितीपुढे जाणार आहे. तिला घरी पाठवायचं की नाही, तेव्हा ठरेल.
फोनवर वकीलबाई खूशच झाल्या. "म्हणजे विक्री! आता तो मामा लग्न जुळवलं म्हणून सुटत नाही."
"पण काही लोकांत रीतच असते ही. आणि तिची आई?"
"आईनं पैसे घेतले ना? मग त्या घरी मुलगी कशी पाठवणार?"
आपलं संशोधन कुणाच्या तरी कामी यावं असं मीच मुलाखतीत म्हटलं होतं. नोकरीच्या.

९ नोव्हेंबर, रविवार
अप्पा आबिड्सच्या दुकानात गिऱ्हाइकांना सांगतात, आमची पोरगी मुली सोडवते. किती वेळा सांगितलं, मी फक्त लिहून घेते. "नक्को ग इतकं बारीक बोलूस," म्हणाले. "घरात पहिली शिकलीस, जरा फुशारकी मारू दे की."
दिवसभर झोपले. तरी थकवा आहेच.

११ नोव्हेंबर, मंगळवार
र.ला सगळं सांगितलं. देज लिहिलं तर आईवर येईल, घरी जाणं अडेल. दहेज ठेवलं तर खोटं होईल, आणि मामा सुटेल.
"मग दहेजच ऱ्हाऊ द्या."
"तसं नाही लिहिता येत मला."
"तुम्हीच लिहिलं होतं की आधी."
मग तिसरी वाट सांगितली. अख्खा जबाब मागे घेता येतो, तो तिचा हक्क आहे. मॅडमना आवडणार नाही हे सांगणं. सांगितलं.
"मागं घेतला तर मामाचं काय व्हईल?"
"बहुतेक काहीच नाही."
ओढणीचं टोक चावत बसली. "बघते," म्हणाली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
समिती उद्या सकाळी. वकीलबाईंचे तीन मिस्ड कॉल. मला अजून र.चं उत्तर नाही.
निवारागृहात गेले तर र. दारातच उभी. जबाबाचं काही बोललीच नाही. "आईला फोन लावून द्या. देजाचं नाही काढणार. नुसतं विचारते, चंदा घरी हाय का."
चंदा कोण?
"धाकटी. पंधरावं लागलं तिला. मामा दिवाळीला येतो म्हणला होता, आईनं मागं सांगितलं फोनवर."
दिवाळी होऊन गेली.
अधीक्षिकांची परवानगी घेतली, लावला. वाजत राहिला. परत लावला. "बंद आहे" म्हणाली फोनमधली बाई.
"उद्या काय सांगू वकीलबाईंना?" असं विचारायला आले होते. विचारलं नाही.
र. शेजारच्या काकूचा नंबर आठवायला लागली. भिंतीकडे तोंड करून आकडे पुटपुटत होती. शेवटचे दोन सापडेनात. मी फोन हातात धरून उभी.