रशियन बाईचं पॅनल

३ एप्रिल, रविवार. सकाळ.

आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलं की नोंद हवी. आमच्या सिएनफुएगोस शहराच्या बंदरावर साखरेच्या गोदामात मी एकतीस वर्षं रोजचा रिपोर्ट लिहिला. एक दिवस चुकला नाही.

काम : आमचं जुनं रशियन वॉशिंग मशीन पुन्हा चालू करणे. मुदत : ८ मे, मदर्स डे. पाच आठवडे आहेत. खरं तर दोन पुरेत.

कारण : बायकोची, म्हणजे ओनेलियाची मनगटं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, हाताने धुणं आणि पिळणं बंद, नाहीतर पुढच्या वर्षी कॉफीचा कपसुद्धा उचलता येणार नाही. मुलगी यानेइसी मायामीकडे राहते. फोनवर म्हणाली, पप्पा, मी इथून पैसे भरते, नवीन ऑटोमॅटिक मशीन घरपोच येईल. मी साफ नाही म्हटलं. नवीन मशीनला पॅनल म्हणावं असं काही असतं का? काळी काच. बोट लावलं की टुंई. आपण कशाला बोट लावलं ते आपल्यालाही कळत नाही.

ओनेलिया काहीच बोलली नाही. म्हणजे तिला पटलं.

४ एप्रिल, सोमवार.

पॅनल भिंतीवरून उतरवलं. मशीनचा बाकी संसार उधळला तरी पॅनल मी कधी सोडलं नव्हतं. दिवाणखान्यात, लग्नाच्या फोटोशेजारी. क्रीम रंग. तीन गोल खटके, प्रत्येकाभोवती चंदेरी कडं. खाली रशियन अक्षरं. डावा खटका : हलकी धुलाई, जोराची धुलाई. मधला : मिनिटं. उजवा : पिळणे. मधला फिरवला की ट्रर्रर्र असा आवाज करत तो आपला आपण मागे येतो. काय तो आवाज! ज्याने हा खटका बनवला त्याला माणसाच्या बोटांची कदर होती.

१९८२ साली आदर्श कामगार म्हणून भर सभेत हे मशीन मिळालं. अख्खा हॉल टाळ्या वाजवत होता. ओनेलिया तेव्हापासून त्याला 'ती रशियन बाई' म्हणते. थोडी जळतेच.

पॅनल टूथपेस्टने घासलं. चकचकीत. संध्याकाळी ओनेलिया विचारत होती, महिन्याची टूथपेस्ट कुठे गेली.

५ एप्रिल, मंगळवार.

सामानाची यादी.

सांगाडा आणि दोन्ही टाक्या : मागच्या अंगणात. धुण्याच्या टाकीत कोंबड्या अंडी घालतात.

पिळायची मोटर : आमच्या फॅनमध्ये. त्र्याण्णव साली, रशियाकडून माल यायचा बंद झाला तेव्हा, दुकानात फॅन नव्हता, पण ज्याच्याकडे रशियन मशीन त्याच्याकडे वारा, अशी गत होती.

धुण्याची मोटर : गल्लीतल्या मोंगोकडे. तो तिच्यावर किल्ल्या बनवतो. त्याच साली मी दिली होती, काही दिवसांसाठी.

९ एप्रिल, शनिवार.

मोंगोकडे गेलो. आधी हसला. मग म्हणाला, अरे भावा, ती तुझ्याकडे अकरा वर्षं होती, माझ्याकडे तीस वर्षं नांदतेय, आता सांग बायको कोणाची? लोक किल्ल्या करायला थांबले होते, तेही हसले. असली थट्टा मला मुळीच खपत नाही.

शेवटी म्हणाला, भात शिजवायचा तुमचा इलेक्ट्रिक कुकर दे आणि घेऊन जा. मी विचार केला. त्या कुकरला पॅनल काय आहे? एक दांडी. खाली केली की शिजतो, वर आली की शिजला. अशा वस्तूवर कोणाचा जीव जडेल? देऊन टाकला.

(मोंगोकडे दुसरी मोटर आधीपासूनच होती, हे येताना कळलं. तरी सौदा माझ्याच फायद्याचा.)

११ एप्रिल, सोमवार.

ओनेलियाला कुकर दिसला नाही. तिने आधी सगळी फडताळं उघडून बघितली. मग बरंच बोलली. म्हणाली, म्हाताऱ्या, उद्या मलाही देऊन टाकशील एखाद्या बोल्टासाठी. मी म्हटलं, बोल्ट पुरेसे आहेत. तिने तांदूळ, राजमा उचलला आणि शेजारी फेफाकडे शिजवायला गेली. तिथेच जेवली. माझं ताट झाकून पाठवलं.

मोठ्या कामात थोडी गैरसोय सोसावीच लागते. दोघांनाही.

१४ एप्रिल, गुरुवार.

फेफाच्या दारात ट्रक. चार जणांनी भलंमोठं खोकं उतरवलं. नवीन मशीन! मला हसू आवरेना. फेफाला परदेशात काळं कुत्रं ओळखत नाही, कोणी पाठवलं असेल? असेल एखादा भाचा. आमची ओनेलिया त्या पोरांना कॉफी देत होती. कागदावर सहीसुद्धा तिनेच केली. फेफाचा चष्मा हरवला असणार.

बिचारी फेफा. गळ्यात पडलीच तिच्या ती काळी काच.

२० एप्रिल, बुधवार.

एक गोष्ट नोंदवण्यासारखी. माझे शर्ट हल्ली फार स्वच्छ निघताहेत. कॉलरसुद्धा. मऊ लागतात, फुलांसारखा वास येतो. आणि ओनेलियाचं मनगट सुजलेलं नाही. तिला हे दाखवलं, म्हटलं, बघ, मशीन येणार एवढ्या नुसत्या आशेने तुझ्या हातात बळ आलं. तिने माझ्या शर्टाची घडी घातली. म्हणाली, हो रे बाबा, आशेनेच.

डॉक्टरीणबाईंना हे सांगायला हवं.

२४ एप्रिल, रविवार.

फॅन उघडला. मोटर निघाली, जशी होती तशी. आता घरात वारा नाही. डास मात्र भरपूर. ओनेलिया म्हणाली, फेफाचं ब्लड प्रेशर वाढलंय, तिच्याजवळ कोणीतरी झोपायला हवं. उशी घेऊन गेली. इतकी मायाळू बाई.

दुपारी फेफा जिन्यावरून ओल्या चादरींची रास घेऊन दणादण गच्चीवर चढताना दिसली. ब्लड प्रेशरमध्ये असं चढउतार होतच असावं.

२९ एप्रिल, शुक्रवार.

डोक्याला ताप. पट्टा नाही. सायकलच्या ट्यूबचा केला, तुटला. दुसरा केला, तुटला. तिसरा तुटला नाही, पण त्याच वेळी लाइट गेले. लाइट आले तर नळ कोरडा. पाणी आलं तर कोंबडी टाकीत बसलेली, उठायला तयार नाही. चोच मारली मला. या देशात कपडे धुवायला लाइट, पाणी आणि माणूस तिन्ही एका वेळी हजर लागतात, आणि माझ्या नशिबात एका वेळी एकच येतं.

त्यात यानेइसीचा फोन. विचारते, पप्पा, मशीन कसं चाललंय? म्हटलं, चालेल, मदर्स डेला चालेल. ती म्हणाली, चालेल म्हणजे? मग म्हणाली, मम्मीला फोन दे. मम्मी घरात होती कुठे!

वैतागून पाना फेकला. आता तोही सापडत नाही.

३ मे, मंगळवार.

ओनेलिया आली होती. कंगवा, गाउन आणि कॉफीची भांडी घेऊन गेली. मला भरून आलं. मशीनला जागा व्हावी म्हणून ती घर मोकळं करतेय. तोंडाने कबूल करणार नाही, पण समजतं मला. चाळीस वर्षांचा संसार आहे.

आता सकाळची कॉफी मिळत नाही.

७ मे, शनिवार.

दुपारी चार वाजता पॅनल बसवलं. तीन स्क्रू. दूर जाऊन बघितलं आणि खरंच सांगतो, रडलो. अंगण, कोंबड्या, गंजलेला सांगाडा, आणि त्यावर ते क्रीम रंगाचं पॅनल, १९८२ सालचं. मी चाळीस वर्षांनी तरुण झालो.

गल्लीत सगळ्यांना सांगितलं, उद्या दहा वाजता. सगळे हो म्हणाले. एकमेकांकडे बघून म्हणाले, पण हो म्हणाले.

८ मे, रविवार. मदर्स डे.

दहा वाजता लाइट होते. पाणीही होतं. माणूस नव्हता. एकही आला नाही. शेजारी केक कापल्याचा आवाज येत होता.

तरी सुरू केलं. खटका फिरवला. ट्रर्रर्र. पाणी गरगरलं. चाललं! अहो, चाललं!

मग लक्षात आलं, आत कपडे नाहीत. घरभर शोधले. टोपली रिकामी. दोरी रिकामी. कपाटात सगळं धुतलेलं, घडी घातलेलं, फुलांचा वास. अख्ख्या घरात मळका कपडा एकच, माझ्या अंगातला. तो काढून आत टाकला. चार मिनिटांत त्याचा सुंभ झाला. एक बाही अजून सापडलेली नाही.

तसाच उघडा फेफाकडे गेलो, ओनेलियाला बोलवायला. अख्खी गल्ली तिथे केक खात उभी. मधोमध ते नवीन मशीन गुणगुणत होतं. वर कागद चिकटवलेला, ओनेलियाच्या अक्षरात : कोणाची पाळी कोणत्या वारी. खोक्याच्या पुठ्ठ्यावर फेफाचं नाव नव्हतं. ओनेलियाचं होतं. पाठवणारी यानेइसी.

मी म्हटलं, हे कधीपासून? ओनेलिया म्हणाली, तू फेफाच्या दारातलं खोकं बघून हसत होतास तेव्हापासून. आपल्या घरात ठेवू दिलं असतंस? मोंगोला दिलं असतंस तू एखाद्या नटबोल्टासाठी. मोंगो म्हणाला, हे मात्र मी घेतलं असतं. सगळे हसले.

मी चिडलो. खूप चिडलो. म्हटलं, या काचेपायी त्या मशीनला विसरलीस? त्याचे खटके, तो आवाज, काहीच आठवत नाही तुला? ती हसत नव्हती. म्हणाली, एवेलिओ, मी तो खटका एकदाही फिरवलेला नाही. तू हातच लावू द्यायचा नाहीस. तू फिरवायचास, ट्रर्र ऐकायचास आणि आत जाऊन बेसबॉल बघायचास. पाण्याने जड झालेलं धुणं या टाकीतून त्या टाकीत कोण उचलून टाकायचं? चादरी, तुझ्या बंदरावरच्या जाड पँटी? ही मनगटं काय आता गेलीत होय? त्या अकरा वर्षांतच गेली.

फेफाने केकचा तुकडा दिला. अंगात शर्ट नसताना केक खाणं फार अवघड असतं.

९ मे, सोमवार.

ओनेलियाला म्हटलं, एकदा येऊन तू फिरव. आली. फिरवला. ट्रर्रर्र. ऐकून घेतलं तिने, म्हणाली, छान आहे. खोटं नव्हतं ते. मग चार चादरी आणल्या आणि भिंतीला टेकून उभी राहिली. म्हणाली, आता उचल.

१० मे, मंगळवार.

दोन चादरी उचलल्या. तिसरी अर्धीच वर आली. उजवं मनगट सुजलंय, पेन नीट धरवत नाही. उरलेल्या दोन फेफाकडे नेऊन दिल्या. मागच्या दाराने.