पिवळ्या दिव्यापर्यंत

प्रिय पिपाणी,

घरात फोन असताना आई पत्र का लिहितेय म्हणून कपाळाला आठ्या घालू नकोस. परवा तू म्हणालीस, "बाबा माझ्याशी दोन शब्द बोलत नाहीत, तर यापुढे मी फोनच करणार नाही," आणि रिसीव्हर आपटलास. त्याचं उत्तर देणार आहे, पण माझ्या क्रमाने. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली. निवृत्तीनंतर एकदा तरी मला कोणी मध्ये न तोडता बोलायचंय.

आधी बातमी. बाबा ज्या हॉलमध्ये साउंड सांभाळतात, तिथे आवाजावर पहारा बसला. शेजारच्या नव्या इमारतीतल्यांनी तक्रार केली. गाणंबजावणं चालतं त्या हॉलला चिकटून घर घ्यायचं आणि मग गाणं ऐकू येतं म्हणून बोंब मारायची! मी तडक नगरपालिकेच्या कार्यालयात गेले. तिथले साहेब म्हणाले, "आजी, बसा." मी बसले नाही. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शाळेत घोटून घेतलेलं सगळं इंग्रजी मी त्या माणसावर उभ्या उभ्या रिकामं केलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तक्रार गाण्याची नाही, आजी. आवाज कानाला टोचतो, अशी आहे. पूर्वी टोचत नव्हता." मी म्हटलं, "टोचत असेल तर कापूस घाला," आणि तरातरा निघून आले.

तरी आवाज मोजणारी पेटी हॉलमध्ये बसलीच. वायरमनने ती भिंतीवर ठोकली, छताला माइक टांगला आणि बाबांच्या साउंड-मिक्सरसमोरच्या खांबावर तीन दिवे लावले. हिरवा म्हणजे चालू द्या, पिवळा म्हणजे बेताने, आणि लाल थोडा वेळ टिकला की स्पीकरची वीजच बंद. पहिल्या दिवशी या शहाण्याने माइक बरोबर प्रेक्षकांच्या डोक्यावर टांगला होता. टाळ्या पडल्या की लाल! गाणारा राहिला बाजूला, दाद देणाऱ्यालाच शिक्षा. मी त्याला इतकं बोलले की बिचाऱ्याने मुकाट्याने शिडी लावून माइक मंचाकडे सरकवला. उतरताना म्हणाला, "काकू, घरी तुमच्यासाठी पण एक बसवून देऊ का?" हसलीस ना? हसून घे.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचणी होती. चुका काढायला मी हजर होतेच. बाबा तुला आठवतात तसेच बसले होते, मिक्सरवर बोटं आणि डोळे मिटलेले. आवाज डोळ्यांनी ऐकायचा नसतो, हे त्यांचं वाक्य तू लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून मलाच ऐकवायचीस. बँडची मुलं वाजवू लागली आणि मला कानात सुया टोचल्यासारखं झालं. झांजा, गिटारच्या बारीक तारा, सगळं धारदार, अंगावर येणारं. पिवळा लागला. वायरमन ओरडला, "काका, कमी करा!" लाल लागला. "अहो काका!" आणि खट्कन वीज तुटली. वाजवणारे थांबले. पंख्याची कुरकुर ऐकू यावी इतकी शांतता झाली. आणि बाबा मान डोलवत होते. त्या मुलांचं गाणं त्यांना पाठ आहे. ते आठवणीतलं ऐकत होते. मिक्सरवरचा आवाज वाढवायचा एक फेडर त्यांनी अलगद वर सरकवला, जणू कुणाचा तरी आवाज जरासा मागे पडला होता.

कुणी हसलं नाही. वायरमन उगाचच शिडी पुसू लागला. मी जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी डोळे उघडले, थांबलेली मुलं पाहिली, मग लाल दिवा, मग मला. 

घरी आल्यावर त्यांनी सांगितलं. बरेच दिवस चाललंय. जाड, खालचे आवाज अजून थोडेफार लागतात. बारीक, उंच आवाज एकेक करून निघून गेले. म्हणून ते वाढवत राहिले. मला पत्ता लागला नाही, कारण समोरासमोर ते ओठांवरून ओळखतात. शिवाय "तू काय बोलणार ते मला आधीच ठाऊक असतं," असंही मला म्हणाले, लबाड कुठले! आता ते डोळे उघडे ठेवून, त्या तीन दिव्यांकडे पाहत काम करतात. ज्या पेटीविरुद्ध मी भांडले, तिच्याच आधाराने त्यांची खुर्ची टिकून आहे. मुलांनी आणि वायरमनने तोंडाला कुलूप लावलंय, पण मालकाला कळेपर्यंतच हे चालायचं.

आता तुझं उत्तर. तू परगावी गायला गेलीस तेव्हापासून बाबा फोनवर "बरं, बरं" म्हणतात आणि रिसीव्हर माझ्या हातात देतात. हॉल सोडलास म्हणून ते रागावले, असं तू धरून बसलीस. पिपाणी, ते रागावलेले नाहीत. फोनला ओठ नसतात. सगळ्यांत आधी गेलेला आवाज तुझा आहे. हे तुला सांगणार नाही, अशी शपथ त्यांनी मला घातली होती. ती मोडल्याचं मी आणि माझा देव बघून घेऊ. फोनवर सांगितलं असतं तरी त्यांना ऐकू आलं नसतं, पण तू रडली असतीस, मग मीही, आणि सांगायचं राहिलं असतं. कानांच्या डॉक्टरकडे ते माझ्या सांगण्याने जात नाहीत, तुझ्या सांगण्याने जातील. तेव्हा ये. उजेडात त्यांच्यासमोर बस, सावकाश बोल, ओरडू नकोस. आणि एकदा हॉलमध्ये गा. काल त्या दिव्यांवरची धूळ पुसता पुसता ते म्हणाले, "पिपाणीचा वरचा सूर पिवळ्यापर्यंत जाईल, नाही? निदान दिसेल तरी." लाल लागला तर लागू दे. भांडायला मी आहे.

तुझीच,
तोंडाळ आई