बैठकीतलं घासलेलं कपाट

पांढुर्णा
१८ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. डिंपल हिला,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे इथे ठीक आहोत. तिगावला तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत ते कळव. आमचे हे, तुझे मामाजी, रोज संध्याकाळी फिरायला जातात आणि येताना संत्री घेऊन येतात, घरात खाणारं कोणी नसलं तरी. अमृताची परीक्षा जवळ आली. तिला बघून गेलेल्या सौंसरच्या पाहुण्यांचा अजून काही निरोप नाही.

फोनच करणार होते. पण फोनवर मी गोड बोलून वेळ मारून नेते. म्हणून लिहायला बसले.

नागपूरच्या एका बाईंचा फोन आला होता, जुन्या खिडकीच्या चौकटीचा जो आरसा तू करून देणार होतीस, तो तयार झाला का म्हणून. मी म्हटलं, सून माहेरी गेली आहे, आरामाला. आराम हा शब्द तोंडातून गेला आणि लगेच लक्षात आलं. पुन्हा तेच केलं ना मी? तू आजारी आहेस असं पुन्हा एका परक्या बाईला सुचवलं. मग मीच तिला उलटा फोन लावला आणि सांगितलं की सून एकदम बरी आहे, आमचं घरात बिनसलं आहे. ती बिचारी गोंधळून गेली.

डिंपल, बाळ गेल्यानंतरची दिवाळी तू भिंतीकडे तोंड करून काढलीस. जेवायला बोलावलं तर उठायचीस, दोन घास खायचीस, परत जाऊन निजायचीस. मग एक दिवस गच्चीवरच्या खोलीतून मोडकी खुर्ची ओढून आणलीस आणि घासत बसलीस. त्या दिवशी मला बरं वाटलं होतं. खुर्चीचं नाही, तू उठलीस म्हणून.

पण नंतर ते वाढतच गेलं. बाजूच्या घरातून टाकलेली दारं आणली, माझ्या जुन्या लुगड्यांच्या गाद्या शिवल्या. आमच्या लग्नातल्या सागवानी कपाटाला दुधासारखा रंग दिलास आणि वाळल्यावर कडेकडेनं पॉलिश पेपर घेऊन तोच रंग उडवत बसलीस. "शॅबी चिक म्हणतात याला आई, वापरलेलं दिसलं पाहिजे." मी म्हटलं, "चीक गायीचा ऐकला होता व माय, लाकडाचा नाही." किती हसली होतीस तू.

मी पण हसले. मनातून मात्र जळत होते. जन्मभर मी टवके झाकत आले. कोणी आलं की फुटक्या कोपऱ्यावर रुमाल टाकायचा, फाटक्या उशीवर नवी खोळ. आणि माझी सून मुद्दाम टवके पाडून राहिली, ते पण बैठकीत! लोक म्हणतील, यांच्यावर काय पाळी आली.

सौंसरचे पाहुणे अमृताला बघायला येणार, त्या सकाळी मी भूपेंद्रकडून सगळं गच्चीवर नेववलं. तू पण एक बाजू धरलीस. शेजारच्या कलाबाईच्या घरून प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. कपाट तेवढं हललं नाही. आणि मुलाच्या आईची, मीनाताईंची नजर नेमकी तिथेच गेली. कडेवरून बोट फिरवून त्या म्हणाल्या, "हे असं काऊन केलं हो?"

तुला माहीत आहे मी काय म्हटलं. तरी लिहिते, कारण ते वाक्य मी अजून तुझ्यासमोर माझं म्हणून कबूल केलेलं नाही. मी म्हटलं, "बाळ गेल्यापासून आमच्या सुनेच्या डोक्यावर थोडा परिणाम झाला आहे. करू देतो आम्ही, काय करता."

तू दारातच होतीस, हातात चहाचा ट्रे. पुढे आलीस आणि मीनाताईंना विचारलंस, "साखर चालते ना तुम्हाले?" तुझा आवाज जरासुद्धा हलला नाही. दुसऱ्या दिवशी बॅग भरून म्हणालीस, आईकडे जाऊन येते.

तू भूपेंद्रलाही सांगितलं नाहीस. माझं बोलणं तू झाकून ठेवलंस आणि मी तुझं दुःख चार लोकांत उघडं केलं, तेही एका कपाटाची लाज वाटली म्हणून.

वर लिहिलं की सौंसरचा निरोप नाही, ते खोटं आहे. खोडत नाही, राहू दे. निरोप आला, नकाराचा. मला वाटलं, घरात वेड आहे असं समजून नाही म्हटलं असेल. त्यात कलाबाईनं बाजारात गाठून विचारलं, "डिंपलले जामसांवलीले काऊन नाही नेत? मारुतीच्या पायाशी बसवा, बरी होईल." म्हणजे गल्लीभर झालं होतं. मी तिला तिथेच सांगितलं, "तिले काही झालं नाही, मी खोटं बोलली." ती माझ्याकडे अशी पाहत राहिली की आता माझ्याच डोक्याबद्दल तिला शंका आली असावी.

मग बसनं सौंसरला गेले, एकटीच. मीनाताईंनी पाणी दिलं. मी म्हटलं, "माझी सून शहाणी आहे. मले त्या फर्निचरची लाज वाटली म्हणून मी तसं म्हटलं. पोरीचं नुकसान नका करू."

त्या शांतपणे म्हणाल्या, "ती बरी आहे हे मले तेव्हाच दिसलं. तिच्याच हातून तर चहा घेतला. वेडाचं नाही हो. जी बाई घरातल्या पोरीले तिच्या तोंडावर असं म्हणते, तिची लेक आमच्या घरी काय शिकून येईल, याची भीती वाटली."

नमस्कार करून उठले. बस येईपर्यंत स्टँडवर पदर तोंडाला लावून उभी होते.

घरी येऊन तिघांना समोर बसवून सांगितलं. तुझे मामाजी उठून बाहेर गेले. अमृता रडली नाही, एवढंच म्हणाली, "माझं जाऊ दे आई, वहिनीशी बोलली का तू?" भूपेंद्र दोन दिवस घरात जेवला नाही. आता तो अंगण असलेलं घर भाड्यानं पाहून राहिला आहे, तुला काम करता येईल असं. रविवारी तिगावला येईल, तोच सांगेल. घर आवडलं तर हो म्हण. माझ्या म्हातारपणाचा विचार करून नाही म्हणू नकोस. ते ओझं मी तुझ्यावर टाकणार नाही.

बाळासाठी मी कधी तुझ्याजवळ बसून रडले नाही. कोणाला दिसेल, असंच वाटत राहिलं. तुझं दुःखही मला रुमाल टाकून झाकायची वस्तू वाटली. याची माफी मागायची कशी, ते मला येत नाही. तू रागावलीस, भांडलीस तर ऐकून घेईन. नाही बोललीस तरी तुझी चूक म्हणणार नाही.

खाली "तुझी आई" लिहायला गेले होते. हात थांबला.

भूपेंद्रची आई,
प्रेमलता