डांबराचा पट्टा

१२ जानेवारी १९५५, धानोरा

नागपूरच्या प्राध्यापकांचं उत्तर आलं! नुसत्या पानांवरून नक्की सांगता येत नाही म्हणतात — पण ही आमरी, म्हणजे हे ऑर्किड, ओळखीच्या कुठल्याच जातीशी जुळत नाही. फुलांचा तुरा पाठवा. नवी जात असू शकेल. नवी! इंटरला असताना लग्न झालं, वनस्पतिशास्त्र तिथंच संपलं असं मी धरून चालले होते.

यांना दाखवलं. "बांडगुळासाठी एवढी काऊन नाचून राह्यली?" म्हणाले. जंगलखात्याची नोकरी, झाड दिसतं ते फक्त घनफुटात.

१३ जानेवारी

बुधरीबरोबर नाल्यापलीकडे गेले. ती लाकूडतोड्या पोचूची बायको. सरपणाला निघाली की मलाही नेते. एवढ्या रानात आमरी त्या एकाच ऐनाच्या झाडावर. आणि ऐन तर सगळे सारखेच! उन्हाळ्यात फुलेल तेव्हा चुकायला नको, म्हणून यांच्या डब्यातलं डांबर नेऊन बुंध्याला जाड पट्टा ओढला. आता आंधळ्यालाही सापडेल.

२ मार्च

गेलं.

४ मार्च

यंदाची तोड नाल्यापलीकडे लागली. डांबराचा पट्टा दिसेल ते झाड पाडायचं — मजुरांना हुकूम एवढाच. जंगलखात्यातल्या माणसाची बायको मी! पट्टा कशासाठी मारतात ते लग्नापासून बघते आहे. स्वतःच्या हातानं मारताना मात्र अक्कल गहाण पडली.

खुंट पाहून आले. भोवती फांद्या जाळल्याची राख. आमरीचं पानसुद्धा नाही. कुऱ्हाड पोचूची होती म्हणे.

हे म्हणाले, "मले इचारायचं तरी होतं." ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

७ मार्च

बुधरी हाका मारत होती. दार उघडलं नाही. तिच्या नवऱ्याची कुऱ्हाड डोळ्यांपुढून जात नाही.

१० एप्रिल

फुलं दाबायचे पुठ्ठे, टीपकागद — सगळं चुलीत घातलं. भात छान शिजला. हौस फिटली एकदाची! आता जगायचं कशाच्या नादावर, ते सुचत नाही.

२९ मे

बुधरी आज पुन्हा दारात. अंबाड्यात जांभळट फुलांचा तुरा! कुठला, विचारलं.

"तुमच्या डांबरवाल्या झाडाचा जी. पोचूनं झाड पाडलं, तवा हे खाली पडलं होतं. मले कीव आली, घरच्या कुंपणाच्या खांबाले बांधलं. तवाच सांगाले आली होती, बाई. तुमी दार नाई उघडलं."

"बाकीचं रोप?"

"सकाळीच बकरीनं खाल्लं."

असं फूल कुठल्याच पुस्तकात पाहिलेलं नाही. तिनं तुरा काढून माझ्या हातावर ठेवला. कडा सुकायला लागल्या आहेत, आणि घरात एक पुठ्ठा नाही. उरली ही वही. तुरा याच पानावर पसरते आहे, वर पाटा ठेवीन. आता इथं आणखी लिहायला जागा नाही.