अडवलेला पत्ता

मंगळवार, ४ मार्च
सकाळपासून अकरा वेळा पडला. अकरा! सर्व्हर उठवला की जेमतेम वीस मिनिटं तग धरतो आणि पुन्हा आडवा. परवा पूल कोसळला तेव्हा साहेब म्हणाले, "सगळ्या हॉस्पिटलांतल्या जखमींची एकच यादी साइटवर टाकू. लोकांची वणवण थांबेल." थांबली कसली! लोक नाव टाकतात, चक्र नुसतं फिरत राहतं.

शेजारच्या काकू दोनदा येऊन गेल्या. काका पुलावरूनच परत येत होते. नदीच्या अलीकडची दोन्ही हॉस्पिटलं काकूंनी पालथी घातली. पलीकडे जायला आता रस्ताच नाही. "तुझ्या त्या यादीत बघ ना गं." काय बघू?

बुधवार, ५ मार्च
मेमरी दुप्पट केली. दहा मिनिटं जास्त जगला, इतकंच.

गुरुवार, ६ मार्च
कोड वाचून वाचून डोळे गेले. गर्दीमुळे पडतो म्हणावं, तर साइटवर चिटपाखरू नसतानाही पडलाय. मग कशानं? इतकी वर्षं हेच काम करतेय आणि आज अगदी ढ वाटतंय. आई म्हणाली, "दोन घास खा आधी." उतरेनात.

काकू आता विचारत नाहीत. दारात उभ्या राहून माझ्या तोंडाकडे बघतात. ते जास्त वाईट.

शुक्रवार, ७ मार्च
सापडलं! म्हणजे आमच्या नेटवर्कवाल्या बुवाला सापडलं. दर वेळी पडण्याच्या आधी सर्व्हरच्या नोंदींत एकच इंटरनेट-पत्ता. तिथून अवाढव्य फोटो येतात, सर्व्हर अख्खा फोटो एकदम मेमरीत घ्यायला जातो आणि मान टाकतो. फोटो सगळे अर्धवट पोचलेले, एकही उघडत नाही.

"खोडसाळपणा आहे कुणाचा तरी," बुवा म्हणाला. "अडवून टाक."

"कोण आहे ते बघू या का आधी?"

साहेब दारातूनच ओरडले, "बघत काय बसता! हजारो लोक खोळंबलेत."

अडवला. एका ओळीचं काम. संध्याकाळपर्यंत एकदाही पडला नाही. साहेबांनी कौतुक केलं. मी काकांचं नाव टाकलं — नाही. पुन्हा टाकलं. नाही.

शनिवार, ८ मार्च
चालू. काका नाहीत.

रविवार, ९ मार्च
काकूंना शोधायला शिकवलं. एका बोटानं नाव टाकतात, थांबतात, पुन्हा टाकतात. कधी आडनाव आधी, कधी नुसतं नाव. यादी बंद होती तेव्हा निदान आशा होती!

सोमवार, १० मार्च
दुपारी फोन. पलीकडच्या काठावरच्या हॉस्पिटलातली सिस्टर.

"अहो, आमचे फोटो आधी अर्ध्यातच अडकायचे, आता तीन दिवस साइटच उघडत नाहीये. सात जण बेशुद्ध होते, नावं माहीत नाहीत, म्हणून फोटो पाठवत होतो. त्यातले एक आजोबा काल गेले हो."

त्यांचा पत्ता ताडून पाहिला. तोच. शुक्रवारी मी अडवलेला. "आजोबांचा फोटो माझ्या फोनवर पाठवा," म्हटलं. आला. उघडला.

मंगळवार, ११ मार्च
काकाच. काकूंनी माझा फोन बराच वेळ धरून ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "यादीत का नव्हते गं?"

"सर्व्हर बंद होता, काकू."

बंद नव्हता. शुक्रवारपासून एकदाही नाही.