फाईलच्या माथ्यावरचं नाव

प्रिय योरित (हे वाचून तू मला काहीही म्हणालास तरी प्रियच),

वाचनालयाचा अहवाल आज एकदाचा हातावेगळा केला. चित्रकलेच्या नव्या खोलीतल्या संगणकांवर कोणतं मोफत, खुलं सॉफ्टवेअर बसवायचं, ते मी सुचवायचं होतं. तीन आठवडे नुसती चित्रं काढत बसले. क्रिटा हाताला सर्वांत जवळचं वाटलं; कुंचला धरल्यासारखंच वाटतं. इंकस्केपची रेघ कितीही मोठी करा, कडा स्वच्छच. ब्लेंडरमध्ये काय नाही ते विचार, पण शिकायला अख्खा हिवाळा हवा आणि आपल्या लेवार्डनच्या आजीआजोबांना तेवढा धीर कुठला! आणि शेवटी आपलं 'रीट'. एक आकडा टाकला की लव्हाळी आपोआप उगवतात, वारा सुटतो, पाणी हलतं. आकडा तोच तर चित्र तेच, आकडा बदलला की नवं तळं. हाताने काढणाऱ्यांना क्रिटा द्या आणि चित्र उगवताना बघणाऱ्यांना रीट, असं मी लिहिलं. ते तुझं आहे म्हणून नाही, खरंच चांगलं आहे म्हणून.

त्यालिंगने अहवाल हातातसुद्धा घेतला नाही. आपल्या रीटच्या गटाचा अध्यक्ष झाल्यापासून तो फारच ताठ झालाय. "उद्याची बैठक आधी होऊ दे. चोराच्या प्रोग्रॅमची शिफारस कसली करतेस?" म्हणाला. चोर म्हणजे तू. आफ्केचं पत्र आल्यापासून सगळे असंच बोलतात. तिने तर कुणावर आरोपही केला नव्हता. रॉटरडॅमला कुठेशी भिंतीवर रीटचं चित्र दिसलं, म्हणून तिने स्वतः लिहिलेली जुनी फाईल उघडली आणि एवढंच विचारलं, "मला काही नको. माझं नाव कुणी काढलं, तेवढं सांगा."

खुलं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आपल्या लोकांचा नियम एकच. घ्या, वापरा, मोडा, जोडा, पण ज्याने लिहिलं त्याचं फाईलच्या माथ्यावरचं नाव पुसू नका. आणि कोण काय बदलतं त्याची तारखेनिशी नोंद राहते, तिथे लपवाछपवी चालत नाही. आठ वर्षांपूर्वीचा चौदा मार्च, रीट पहिल्यांदा लोकांसमोर आणण्याच्या आदला दिवस. नाव काढलं ती नोंद तुझ्या नावावर आहे. त्यालिंगने ती छापून कॉफीच्या यंत्राशेजारी चिकटवली. "विचारलं तर गप्प! मनात पाप असलं की माणूस असाच गप्प बसतो," असं तो माझ्यासमोर म्हणाला आणि मी वाटाण्याचं सूप ढवळत राहिले. उद्या अकराला मतदान आहे. तुला रीटमधून काढतील, आणि त्यानंतर तुझी एक ओळही कुणी घेणार नाही. मला हे सगळं ठाऊक होतं, तरी मी ते सूप संपवलं.

सायकलच्या दुकानावरची आपली खोली आठवते? माझा संगणक बिघडला होता आणि आपण दोघं तुझ्याच संगणकावर आळीपाळीने बसायचो. आफ्के दर बुधवारी यायची. तोवर आपली लव्हाळी नुसती ताठ उभी असायची. तिने वारा लिहिला. तू मला स्वयंपाकघरातून ओढत नेलंस, "हिस्के, बघ, बघ ना, हलतंय!" मी बघितलं. पण मी पडद्याकडे नाही, तुझ्या चेहऱ्याकडे बघत होते. तीन वर्षं तुझ्याबरोबर राहून, तुझ्याइतकंच लिहून, तो चेहरा मला एकदाही मिळाला नव्हता.

चौदा मार्चला तू दाढ काढायला गेला होतास. दुसऱ्या दिवसासाठी फायली साफसूफ करायला मी तुझ्या खुर्चीत बसले. संगणक तुझा, म्हणून नोंद तुझ्या नावावर झाली. साफसफाईत चुकून गेलं असेल, असं मी स्वतःला आठ वर्षं बजावत आले. काल त्या दिवसाची नोंद पुन्हा उघडून ओळ न् ओळ वाचली. एकेचाळीस फायली साफ केल्या होत्या मी. नाव फक्त एका फाईलवरचं गेलंय, वाऱ्याच्या.

तू सुजलेला गाल घेऊन परत आलास, तेव्हा मी तिथेच बसले होते. म्हणजे आफ्केचं पत्र आलं त्या क्षणी तुला कळलं असणार, हात कुणाचा ते. आणि तरी तू गप्प आहेस! तुझा राग मी सोसला असता रे, हे नाही सोसवत.

हे पत्र लिहायला बसण्यापूर्वी आफ्केला, त्यालिंगला आणि गटातल्या सगळ्यांना कळवून टाकलं: नाव मी काढलं, जाणूनबुजून काढलं, योरित त्या दिवशी घरी नव्हता. मी गट सोडते आहे. नाव परत लावायचा हक्क माझा नाही, ते आफ्केला विचारून तू लाव. उद्या सगळे का, का म्हणून विचारतील, आणि मी त्यांना सांगणार नाही. तुला मात्र सांगायला हवं होतं, म्हणून हे पत्र. तिचा वारा खूप सुंदर होता, योरित, आणि तो मला लिहिता आला नव्हता.

तुला चालणार असेल तर अजूनही तुझीच,
हिस्के